मैलापाण्यावरचं पीक

उजनी धरणाचं पाणी हिरवं पडलं की सोलापूर जिल्ह्यात त्याची बातमी होते. काठाला हिरवट साय धरते, वास सुटतो आणि हे पाणी प्यायचं की नाही यावर पुन्हा एकदा चर्चा झडते. कारण जगजाहीर आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरतं. त्यातलं बरंचसं नीट शुद्ध झालेलं नसतं. जे झालेलं असतं, त्यातही नत्र आणि स्फुरद शिल्लक राहतं. आसपासच्या उसाच्या रानांतून वाहून येणारं खत त्यात भर घालतं. शेतकरी ज्यासाठी दुकानात पैसे मोजतो, ते इथे विरघळून फुकट येतं. वर ऊन भरपूर, पाणी संथ. मग शेवाळ माजणारच.

कोलकात्याच्या पूर्वेला मात्र शहराचं मैलापाणी ठरवून उथळ तळ्यांत घेतलं जातं. त्यात शेवाळ मुद्दाम वाढू दिलं जातं आणि पुढे त्याच तळ्यांतून रोहू, कटला, मृगळ निघून शहराच्या बाजारात जातात. पाण्यात आलेलं खत तेच, ऊन तेच, शेवाळाची भूकही तीच. उजनीत ते डोकेदुखी ठरतं आणि कोलकात्यात सफाईचं काम करतं, याचं कारण शेवाळाच्या स्वभावात शोधून सापडत नाही. वाढलेलं शेवाळ पाण्यातून बाहेर कोण काढतं, या प्रश्नाच्या उत्तरात ते आहे.

प्रदूषित पाणी आणि माती शेवाळाच्या मदतीने सुधारण्याच्या तंत्राला शास्त्रज्ञ ‘फायकोरेमेडिएशन’ म्हणतात. नाव जड असलं तरी त्यामागचा हिशेब सोपा आहे.

फुकटचा ऑक्सिजन

शेवाळ या एका शब्दात बरीच मंडळी येतात. विहिरीच्या पायरीवरचा निसरडा हिरवा थर, तळ्यातले लांब धागे, समुद्रातली हातभर लांबीची तपकिरी झुडपं आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान पेशी. क्लोरेला ही अशीच एक गोल हिरवी पेशी. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी १८९० साली तिचं वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत सांडपाण्यावर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शेवाळांत तिची गणना होते. नीलहरित शेवाळ शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत जिवाणूंमध्ये मोडतं, पण सूर्यप्रकाशावर अन्न तयार करायची त्याची रीत शेवाळासारखीच असल्याने व्यवहारात तेही या कुटुंबात धरलं जातं.

मैलापाण्यातली सेंद्रिय घाण खरं तर जिवाणू कुजवतात. त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. घाण जितकी जास्त, तितका ऑक्सिजन जास्त. ही मागणी मोजायचं माप म्हणजे बीओडी. नेहमीच्या सांडपाणी प्रकल्पात हा ऑक्सिजन मोठमोठ्या ब्लोअरनी पाण्यात हवा फुंकून पुरवला जातो आणि प्रकल्पाच्या विजेच्या बिलातला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा या एका कामावर जातो. लहान नगरपालिकांचे प्रकल्प बंद पडतात ते बरेचदा याच बिलापायी.

शेवाळ हे काम उन्हावर करतं. जिवाणू घाण कुजवताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, शेवाळ तो घेतं आणि ऑक्सिजन सोडतं, तो पुन्हा जिवाणूंना मिळतो. एक किलो कोरडं शेवाळ तयार होताना साधारण दीड किलो ऑक्सिजन पाण्यात सुटतो आणि पावणेदोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. शिवाय त्या एका किलोत सत्तरेक ग्रॅम नत्र आणि दहाएक ग्रॅम स्फुरद बांधलं जातं. नेहमीच्या प्रकल्पांना बीओडी कमी करणं जमतं, पण पाण्यात विरघळलेलं नत्र-स्फुरद काढणं महाग पडतं. नेमकं तेच शेवाळाचं अन्न आहे.

दुपारी आणखी एक गोष्ट घडते. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतक्या झपाट्याने ओढून घेतं की पाणी अल्कधर्मी होत जातं. त्याचा सामू नऊच्या वर, कधी दहापर्यंत चढतो. त्यात कडक ऊन. मैलापाण्यातून आलेल्या रोगजंतूंना हे मानवत नाही आणि क्लोरीन न टाकताही त्यांची संख्या कोसळते. स्फुरदाचा काही भागही या अल्कधर्मी पाण्यात कॅल्शियमशी जोडला जाऊन तळाशी बसतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले अभियंते विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात या सगळ्याला अभियांत्रिकीची शिस्त लावली. हॅरल्ड गोटास यांच्यासोबत १९५७ साली त्यांनी सांडपाणी शुद्धीकरणातल्या प्रकाशसंश्लेषणावर जो शोधनिबंध लिहिला, तो या विषयातला पाया मानला जातो. ऑस्वाल्ड यांनी तळ्याची खोली फुट-दीड फुटावर आणली, त्याला धावपट्टीसारखा लांबट गोल आकार दिला आणि एका संथ फिरणाऱ्या वल्ह्यांच्या चाकाने पाणी सतत हलतं ठेवलं. त्यामुळे प्रत्येक पेशीला उन्हाची पाळी मिळते आणि तळाशी काही सडत पडत नाही. जुन्या पद्धतीच्या तळ्यात पाणी दोन-चार आठवडे ठेवावं लागे. या तळ्यात चार ते आठ दिवस पुरतात.

विद्याधरीकाठची तळी

ऑस्वाल्ड यांचा शोधनिबंध यायच्या पंचवीस-तीस वर्षं आधीच कोलकात्याच्या पूर्वेकडच्या मच्छीमारांना यातलं मर्म उमगलं होतं. त्यांनी ते कागदावर मांडलं नव्हतं, इतकंच.

कोलकाता हुगळीच्या काठी वसलं असलं तरी शहराचा उतार नदीपासून दूर, पूर्वेकडे आहे. त्यामुळे मैलापाण्याचे नाले पूर्वेला विद्याधरी नदीत सोडले होते. गाळाने विद्याधरी भरत गेली आणि १९२०च्या दशकाअखेर ती जवळपास मेली. तिच्या भरती-ओहोटीवर जगणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या मासेमारीचाही त्याबरोबर अंत झाला. हाताशी उरल्या खोलगट दलदली आणि शहराचं मैलापाणी. १९३०च्या सुमारास काहींनी हे पाणी तळ्यात घेऊन मासे सोडून पाहिले आणि ते तगले. पुढे १९४०च्या दशकात मैलापाणी कुलटी नदीकडे नेणारे मोठे कालवे झाले. वाटेत बानतला इथल्या दरवाजांनी पाण्याची पातळी उचलली गेली आणि पंपाशिवाय, नुसत्या उतारावर मैलापाणी तळ्यांपर्यंत पोचू लागलं. या तळ्यांना तिथे ‘भेडी’ म्हणतात.

भेडीचं वर्ष हिवाळ्यात सुरू होतं. तळं पूर्ण उपसलं जातं, तळ उन्हात तडकेपर्यंत वाळवला जातो, साचलेला गाळ काढून बांधांवर चढवला जातो. जमीन नांगरून चुना टाकतात. मग कंबरेएवढ्या खोलीपर्यंत मैलापाणी आत घेतात आणि दोन-तीन आठवडे त्याला हात लावत नाहीत. काळपट पाणी या काळात हळूहळू हिरवं होत जातं. अधूनमधून तळ ढवळून खालचा अडकलेला वायू मोकळा केला जातो. पाणी पुरेसं निवळलं याची परीक्षा पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून होते. आधी थोडे मासे चाचणीपुरते सोडले जातात. ते जगले तर बाकीचं बीज येतं.

त्यानंतर मैलापाणी थोडं थोडं, ठरावीक दिवसांनी आत येत राहतं. किती घ्यायचं हाच खरा कौशल्याचा भाग. कमी घेतलं तर शेवाळ उपाशी, म्हणजे मासे उपाशी. जास्त घेतलं तर रात्री अनर्थ होतो, कारण अंधारात शेवाळ ऑक्सिजन सोडत नाही, उलट इतरांसारखाच तो वापरतं. पहाटेच्या सुमाराला पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले की भेडीवरचा माणूस मैलापाण्याचा दरवाजा बंद करतो आणि चांगलं पाणी घेतो. बांधाच्या कडेने जलपर्णीची पट्टी राखलेली असते. लाटांनी बांध ढासळू नये, माशांना उन्हात सावली मिळावी आणि पाण्यातले धातू थोडेफार तिच्या मुळांत अडकावेत, अशी तिच्याकडून तिहेरी अपेक्षा असते. इतर ठिकाणी तळी गिळणारी जलपर्णी इथे बांबूच्या कुंपणात राहते.

सिल्व्हर कार्प सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. कटला मुख्यतः शेवाळावर जगणारे सूक्ष्म प्राणी टिपतो. रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी. पाण्यातलं नत्र-स्फुरद शेवाळात जातं, शेवाळ माशात आणि मासा जाळ्यात. तळ्यातून सुटणारं पाणी खालच्या भातशेतीला मिळतं. वर्षाला दहा हजार टनांहून अधिक मासळी या पट्ट्यातून शहराला मिळते, असं मानलं जातं.

हा खटाटोप म्हणजे नुसती मासेमारी नसून शहराची सांडपाणी शुद्धीकरणाची व्यवस्था आहे, हे बाहेरच्या जगाला दाखवून दिलं ध्रुवज्योती घोष यांनी. पश्चिम बंगाल सरकारच्या सेवेतल्या या अभियंत्याकडे १९८०च्या दशकात सांडपाण्याच्या पुनर्वापराचा विषय आला. कोलकात्याचं मैलापाणी नेमकं जातं कुठे, याचा माग काढत ते कालव्याच्या कडेने भेड्यांपर्यंत पोचले. पुढची सारी कारकीर्द त्यांनी या पाणथळीचा अभ्यास करण्यात आणि ती वाचवण्यात घालवली. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने या भागातल्या जमिनीचा वापर बदलायला मनाई केली. २००२ साली १२,५०० हेक्टरांच्या ‘ईस्ट कोलकाता वेटलँड्स’ला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळालं. घोष २०१८ साली गेले. तोवर शहर चहूबाजूंनी पाणथळीच्या अंगावर आलं होतं, कालव्यांत गाळ साचत होता आणि शेजारच्या बानतला परिसरात चामड्याचे कारखाने आले होते. या कारखान्यांमुळे उभा राहणारा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे.

धातू पचत नाहीत

सेंद्रिय घाण कुजते, तिचं रूपांतर होतं. क्रोमियम, शिसं, कॅडमियम किंवा पारा यांचं तसं होत नाही. शेवाळ हे धातू पाण्यातून काढू शकतं, पण ते त्याच्या अंगावरच राहतात. अशा पाण्यातलं शेवाळ माशाने खाल्लं तर धातू माशात आणि तिथून ताटात जाण्याची भीती असते. म्हणूनच घरगुती मैलापाणी आणि कारखान्याचं पाणी एका नाल्यात मिसळू न देणं ही शेवाळावर चालणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेची पहिली अट ठरते.

धातूंसाठी शेवाळ वापरायचं तर ते निराळ्या तऱ्हेने, आणि गंमत म्हणजे तिथे ते जिवंत असण्याचीही गरज नाही. सरगॅसमसारख्या तपकिरी समुद्री शेवाळाच्या पेशीभित्तिकेत अल्जिनेट नावाचं द्रव्य भरपूर असतं. त्यावर ऋणभारित जागा असतात. पाण्यातले धनभारित धातूचे कण तिथे येऊन चिकटतात आणि त्या जागेवर आधी असलेलं कॅल्शियम किंवा सोडियम सुटून पाण्यात जातं. वाळवलेलं, दळलेलं शेवाळ नळकांड्यात भरून त्यातून दूषित पाणी सोडलं की शिसं-तांबं-कॅडमियम आत अडकतं. शेवाळ भरलं की सौम्य आम्लाने धुऊन धातू बाहेर काढता येतो आणि तेच शेवाळ पुन्हा काही फेऱ्या वापरता येतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे बोहुमिल वोलेस्की यांनी या पद्धतीवर दीर्घकाळ काम केलं. अमेरिकेत सिलिकाच्या कणांत क्लोरेला पक्की बसवून केलेली ‘अल्गासॉर्ब’ ही भरण बाजारात आली. १९८९ साली कॅलिफोर्नियात ओकलंड इथल्या पाऱ्याने दूषित भूजलावर तिची चाचणी झाली. हेच सरगॅसम मालवण, रत्नागिरी आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावरही उगवतं.

जिवंत शेवाळ कारखान्याच्या पाण्यावर चालवून दाखवलं ते तमिळनाडूत, राणीपेटला. तिथे समुद्री शेवाळापासून अल्जिनेट काढणारा एक कारखाना आहे. त्याचं सांडपाणी आम्लधर्मी असतं. ते कॉस्टिक सोड्याने उदासीन करायचं म्हणजे सोड्याचा खर्च, पाण्यातल्या क्षारांत वाढ आणि शिवाय ढिगाने गाळ. चेन्नईचे शेवाळतज्ज्ञ व्ही. शिवसुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तिथे उतरत्या तळाचं टाकं बांधून त्यात क्रूकॉकस टर्जिडस हे नीलहरित शेवाळ वाढवायला घेतलं. शेवाळाच्या वाढीबरोबर पाण्याचा सामू आपोआप वर चढतो, पाणी उन्हा-वाऱ्याने उडून जातं आणि गाळ कमी पडतो. एका शेवाळातून माल काढायचा आणि उरलेलं पाणी दुसऱ्या शेवाळाच्या हवाली करायचं, अशी ही जोडणी.

कापणी हीच अडचण

एवढं सगळं जमत असेल, तर प्रत्येक शहरात अशी तळी का दिसत नाहीत? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं ते २०,२३६ दशलक्ष लिटर. स्वस्त पद्धतीची गरज आहे, यात वादच नाही.

पहिली अडचण जागेची. दुसरी त्याहून मोठी आहे. शेवाळाच्या तळ्यातलं एक लिटर पाणी घेतलं तर ते गडद हिरवं दिसतं, पण त्यात कोरडं शेवाळ अर्धा ग्रॅमसुद्धा नसतं. पेशी इतक्या बारीक की साध्या गाळणीतून निसटतात आणि वजनाला जवळपास पाण्याइतक्याच, त्यामुळे लवकर तळाशी बसत नाहीत. त्या तशाच नदीत सोडल्या तर पुढे कुठेतरी मरून सडतात, बांधलेलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. तुरटी टाकून गोळे करणं, हवेचे बारीक बुडबुडे सोडून पेशी वर तरंगवणं, मोठे पुंजके करून आपसूक बसणाऱ्या जाती निवडणं, असे मार्ग आहेत. पण शेवाळ उत्पादनाच्या एकूण खर्चातला पाव हिस्सा सहज या कापणीत जातो.

यावरचा एक देखणा तोडगा प्रवाळावरून सुचला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळभिंतींचा अभ्यास करत होते. संग्रहालयात प्रवाळाचं जिवंत टाकं उभारायचं तर त्यातलं पाणी स्वच्छ कसं राखायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. भिंतीवर लाटा आपटतात त्या जागी आखूड धाग्यांच्या शेवाळाचं गवत दाट वाढतं आणि पाण्यातलं खत शोषून घेतं, हे त्यांनी पाहिलं होतं. १९८०च्या सुमारास त्यांनी त्याची नक्कल केली. किंचित उतार असलेली फरशी, तिच्यावर जाळी, आणि वरून लाटेसारखं ठरावीक वेळाने येणारं पाणी. जाळीवर शेवाळ आपोआप रुजतं, कोणतं बी पेरावं लागत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाणी थांबवायचं आणि खरवडून काढायचं, इतकंच. सुट्या पेशींऐवजी गुंतलेले धागे असल्याने ते हाताने, पट्टीने किंवा लहान ट्रॅक्टरनेही गोळा होतात. फ्लोरिडात शेतांतून आणि रस्त्यांवरून वाहून येणारं पाणी खाडीत शिरण्याआधी अशा फरशांवरून नेलं जातं. बाल्टिमोर बंदरातही ही पद्धत वापरली गेली. निघालेल्या शेवाळाचं कंपोस्ट होतं.

स्पेनच्या दक्षिण टोकाला चिक्लाना दे ला फ्रोंतेरा या गावात कापणीचा दुसरा उपयोग शोधला गेला. २०११ साली युरोपीय महासंघाच्या मदतीने तिथे ‘ऑल-गॅस’ प्रकल्प सुरू झाला. गावच्या सांडपाण्यावर लांबट तळ्यांत शेवाळ वाढवायचं, ते कुजवून बायोगॅस करायचा, तो शुद्ध करून त्यावर मोटारी चालवायच्या. मोटारी खरंच चालल्या. पण शेवाळापासून इंधन काढून नफा कमावण्याची स्वप्नं त्या दशकात अनेकांनी पाहिली आणि बहुतेकांची विरली. चिक्लानाचा हिशेब बसला तो सांडपाणी शुद्ध करणं हे मुख्य काम आणि गॅस ही वरकमाई धरल्यामुळे.

जमिनीवरचा हिरवा थर

मातीच्या बाबतीत शेवाळाची बाजू पाण्याइतकी भक्कम नाही, तरी भारतातला तिचा इतिहास जुना आहे. उत्तर प्रदेशातल्या उसर जमिनी म्हणजे पांढरट, कडक, सोडियमने भरलेली माती. पावसाळ्यात पाणी मुरत नाही, उन्हाळ्यात दगड होतो. बनारस हिंदू विद्यापीठाचे आर. एन. सिंह यांनी पाहिलं की पावसाळ्यात जिथे काहीच उगवत नाही, तिथेही नॉस्टॉकसारख्या नीलहरित शेवाळाचा बुळबुळीत थर आपणहून येतो. शेताला बांध घालून पाणी अडवलं आणि हा थर वाढू दिला, तर जमिनीत सेंद्रिय द्रव्य आणि नत्र वाढतं, मातीचे कण चिकट द्रव्याने बांधले जातात आणि हळूहळू पीक उभं राहू शकतं, असं त्यांनी १९५० साली ‘नेचर’ नियतकालिकात मांडलं.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या क्षारपड जमिनींकडे पाहून हा उपाय मोहक वाटेल, पण तिथलं दुखणं वेगळं आहे. शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षं दिलेलं जास्तीचं पाणी खाली साचलं आणि क्षार वर आले. ते पाणी जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांतून बाहेर काढल्याखेरीज वरच्या शेवाळाने फार काही साधत नाही. सोडियममुळे कडक झालेल्या चोपण जमिनीला जिप्समही लागतंच. नीलहरित शेवाळाची घडी बसली आहे ती भातशेतीत. हवेतलं नत्र बांधणाऱ्या जातींचं खत रोप लावणीनंतर आठवडाभराने हेक्टरी दहा किलो टाकतात आणि त्यातून हेक्टरी वीस-तीस किलो नत्राची बचत होऊ शकते. रासायनिक खत तेवढं कमी टाकलं तर ओढ्यात वाहून जाणारं खतही तेवढं कमी होतं, हा त्याचा प्रदूषणाशी येणारा सरळ संबंध.

तेलाने माखलेल्या मातीचा धडा आखातातून मिळाला. १९९१च्या आखाती युद्धात समुद्रात सोडलेल्या तेलाने सौदी अरेबियाचा सुमारे ७०० किलोमीटर किनारा काळा झाला. काही महिन्यांत त्या डांबरी थरावर नीलहरित शेवाळाची गालिच्यासारखी चादर पसरली. कुवेत विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९२ साली या ‘स्वयंसफाई’कडे लक्ष वेधलं. तेल मुख्यतः चादरीत दडलेले जिवाणू खातात आणि शेवाळ त्यांना ऑक्सिजन व आसरा पुरवतं, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. पण काही खारफुटी आणि चिखलाच्या किनाऱ्यांवर तीच चादर वाळून चामड्यासारखी झाली, खालचं तेल तिच्याखाली झाकलं गेलं आणि खेकड्यांना बिळं करता येईनात. चादर उचलून नेणारं तिथे कोणी नव्हतं.

दहा हजार वस्तीचा हिशेब

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. नागपुरात १९५८ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आजच्या नीरीने, भारतीय हवामानात शेवाळावर चालणारी ऑक्सिडेशन पाँड कशी बांधावीत याचा बारकाईने अभ्यास केला. सोली आरसीवाला आणि सहकाऱ्यांनी १९७० साली त्यावर लिहिलेलं पुस्तक अभियंते पुढे अनेक वर्षं वापरत राहिले. आपल्याकडे बारमाही ऊन असल्याने युरोपपेक्षा तळ्याला जागा बरीच कमी लागते. ज्या अक्षांशांवर महाराष्ट्र आहे, तिथे एक हेक्टर तळं रोज साधारण २५० किलो बीओडीचा भार पेलू शकतं, असा ठोकताळा भारतीय नियमावलीत आहे. माणशी रोजचा भार ४५ ग्रॅम धरला, तर दहा हजार वस्तीच्या गावाचे ४५० किलो होतात. म्हणजे पावणेदोन-दोन हेक्टर पाणी. बांध, वाट आणि सुरुवातीचं गाळ बसवायचं टाकं धरून सहा-सात एकर.

मुंबई-पुण्यात एवढी जागा मागणं हास्यास्पद ठरेल. तालुक्याच्या गावात गायरानाच्या कडेला ती निघू शकते. तरीही बांधलेली कित्येक तळी पुढे ओस पडली, ती बहुधा बांधकामात खोट होती म्हणून नव्हे. गाळ वर्षानुवर्षं काढला नाही, कडेला गवत वाढून डास झाले, जलपर्णीने ऊन अडवलं आणि लोकांनी तक्रारी केल्यावर तळं बुजवलं गेलं. देखभालीला माणूस लागतो आणि त्या माणसाला तळ्यातून काही मिळत असलं तर तो टिकतो.

शेवाळाचा एक वंश तर मुळीच वाढू न देण्याजोगा आहे. मायक्रोसिस्टिस या नीलहरित शेवाळाच्या काही जाती यकृताला अपाय करणारं विष तयार करतात. ऑगस्ट २०१४मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवरातून येणाऱ्या पाण्यात हे विष सापडलं आणि सुमारे पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं. उकळल्याने विष नष्ट होत नाही, पाणी आटून ते अधिक दाट होतं. कोल्हापूरच्या रंकाळ्यात याच वंशाचं शेवाळ पूर्वी माजलं आहे. संथ, खोल, खतावलेलं पाणी त्याला आवडतं. उथळ, हलतं ठेवलेलं पाणी आणि सतत होणारी कापणी त्याला सहसा जम बसवू देत नाही.

त्यामुळे एखाद्या नगरपंचायतीला असं तळं करायचं असेल, तर मासे सोडायचे की नाहीत हे निविदा काढण्याआधीच ठरवावं लागतं. मासे सोडायचे असतील तर गावातल्या वर्कशॉपचं, इलेक्ट्रोप्लेटिंगचं पाणी त्या नाल्यात येता कामा नये. आधीच्या टप्प्याच्या तळ्यात रोगजंतू पुरेसे कमी व्हायला हवेत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाण्याची नियमित तपासणीही हवी. मासे नको असतील तर एडी यांच्यासारखी उतरती फरशी किंवा शेवाळ बसवण्याचं टाकं हवं, आणि निघालेला ओला माल कोणत्या कंपोस्टच्या खड्ड्यात, किती दिवसांनी, कोणाच्या ट्रॅक्टरने जाणार हेही. दोन्हींत तळ्याची खोली, बांधांची उंची आणि पाणी सोडायचे दरवाजे वेगळे आखावे लागतात, आणि खोदून झाल्यावर ते बदलणं परवडत नाही.